उलट्या काळजाचा पेंटर

पेंटर,

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली, तेव्हा हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं हा प्रश्नच नाही. पण एक विचारायचं राहिलंय, आणि राहिलेलं काही असलं की माझ्या घशाखाली घास उतरत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे.

गेल्या महिन्यात शाळेने प्रयोगशाळेतली अडगळ काढली. नव्या बाईंनी फोन केला, जुने तक्ते टाकून देऊ का? म्हटलं, हात लावू नका, येतेय. बेडूक होता, झुरळ होतं, कानाचा छेद होता आणि सगळ्यांच्या मागे, शिक्षा केलेल्या पोरासारखा भिंतीकडे तोंड करून, तो माणूस होता. 'मानवी शरीर : आतील अवयव'. तुम्ही त्याचं काळीज छातीच्या उजव्या बाजूला काढलं होतं. त्यावर मी पांढरा कागद चिकटवला होता आणि डावीकडे दुसरं काळीज कापून लावलं होतं. खळ वाळून दोन्ही कागद गळून पडलेले. तुमचं काळीज जिथल्या तिथे, लालभडक.

एकतीस वर्षं मी तिथे जीवशास्त्र शिकवलं. तुम्ही दुकानांच्या पाट्या रंगवायचात आणि आमचे तक्ते. हट्ट एकच, पाहिल्याशिवाय काढायचं नाही. बेडूक सांगितला तर बारा दिवस बादलीत बेडूक पाळलात आणि काम झाल्यावर चालत जाऊन तळ्यात सोडून आलात. ती बादली वहिनींनी पुन्हा घरात घेतली नाही. यकृत बघायला खाटकाच्या दुकानात वही घेऊन उभे राहिलात, तर तो म्हणाला, घ्यायचं तर घ्या, नाहीतर मागच्याला पुढे येऊ द्या. माणूस काढायचा झाला की मात्र आरशापुढे बसायचात. फुकटचा माणूस, सांगितल्याशिवाय हलत नाही, असं तुमचं म्हणणं. त्यामुळे तुमच्या प्रत्येक माणसाच्या डोळ्याखाली तुमचा तीळ. दात घासणाऱ्या आठ वर्षांच्या पोराच्याही. मी विचारलं होतं, पोराला तीळ कशाला? तुम्ही म्हणालात, आहे तर आहे.

शाळेची तपासणी दोन दिवसांवर आलेली आणि तुम्ही तक्ता घेऊन थेट वर्गात आलात. मी तो उलगडला आणि भर वर्गात तुमची शाळा घेतली. आरशात बघून उतरवलंत, म्हणून डाव्याचं उजवं झालं, एवढंही कळू नये?

तुम्ही ब्रश पुसत होतात. म्हणालात, "काळीज आरशात दिसतं का, बाई? हात ठेवून काढलंय. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

वर्ग हसला. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, उलट्या काळजाचा पेंटर. खोटं कशाला सांगू, मीही हसले.

पोरांच्या तोंडचं नाव चिकटायला खळ लागत नाही. आठवड्यात ते बाजारभर झालं. बेडकाला तळ्यावर पोचवणारा माणूस उलट्या काळजाचा ठरला. कापडवाल्याने पाटी दुसऱ्याकडून करून घेतली, म्हणे डावं-उजवं न कळणाऱ्याच्या हातात आपलं नाव कशाला द्या. तुम्ही मेलात तरी पत्ता विचारणाऱ्याला लोक याच नावाने घर दाखवतात. मी स्वतः ऐकलंय.

तर घरी आणलेला तो तक्ता परवा जेवणाच्या टेबलावर पसरला. चहा घेता घेता बघत होते आणि कप हातातच राहिला. तीळ. काळीज आरशामुळे उलटलं असेल, तर तीळही उलटायला हवा. एवढी साधी गोष्ट. माझ्या डोक्यात शिरायला सव्वीस वर्षं लागली, आणि मी पोरांना निरीक्षण शिकवत होते.

तक्त्यातल्या माणसाचा तीळ त्याच्या डाव्या डोळ्याखाली. छत्री घेऊन निघाले. न्हाव्याच्या दुकानात केसांचे तीन नमुने दाखवणारी तुमची पाटी अजून आहे. तिन्ही डोकी तुमचीच, तीळ डावीकडे. न्हाव्याला वाटलं मला केस कापायचेत. शिंप्याच्या पाटीवरचा सुटाबुटातला साहेब, तीळ डावीकडे. आता फक्त तुमचा स्वतःचा कुठे होता ते हवं होतं, आणि ते काही केल्या आठवेना. इतकी वर्षं समोर बसवून बोलले, पण चेहरा कधी नीट बघितला नाही.

म्हणून तुमच्या घरी गेले. वहिनींनी पाणी दिलं, बसा मात्र म्हणाल्या नाहीत. तीळ? डाव्या डोळ्याखाली, त्या म्हणाल्या, आणि भिंतीवरचा फोटो दाखवला. खरंच, डाव्याच. म्हणजे आरशातलं डावं-उजवं तुम्ही नेहमीच फिरवून घेत होतात. एकदाही चुकला नाहीत. मग त्याच माणसाच्या छातीत कसे चुकाल?

दहा-बारा हजारांत एखाद्याचं काळीज उजवीकडे असतं. हे मी दरवर्षी शिकवत होते, पुस्तकातल्या बारीक टायपातली ओळ म्हणून.

मी सरळ वहिनींना विचारलं, काळीज कुठल्या बाजूला होतं त्यांचं?

त्यांनी माझ्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. "ते मला कशाला विचारता, बाई? त्यांनी सांगितलं तेव्हा ऐकलंत?"

मी विज्ञानाची, तिळावरून काळीज ठरवणं म्हणजे अंदाज. पुरावा नव्हे. पुरावा तेव्हाच, त्या आठवड्यातल्या शनिवारी मिळायचा होता.

तुम्हीच सुचवलं होतंत. माझ्या धाकट्या भावाचा दवाखाना होता. शाळा सुटली की दोघांनी तिथे जायचं, त्याने नळी लावायची आणि मी माझ्या कानांनी ऐकायचं. डावीकडे निघालं तर तक्ता नवा करून देतो, म्हणालात. मी बरं म्हटलं. आणि तपासणीचे कागद आवरत बसले, कारण निकाल मला माहीत होता.

भावाने दुसऱ्या दिवशी सांगितलं. इस्त्रीचा शर्ट घालून तुम्ही दारालगतच्या बाकावर बसला होतात. पेशंट संपले, त्याने दिवा मालवायला घेतला, विचारलं, तुमचं काय दुखतंय? आत या, तपासतो. तुम्ही उठला नाहीत. म्हणालात, "थांबतो. बाई यायच्या आहेत."