यंत्रावरची खोळ

रुख्मणमावशींचं नाव आधी लिहितो. त्या नसत्या तर छत्रपती संभाजीनगरहून मी तोंड लपवून परत आलो असतो, आणि या प्रवासाचं अक्षरही लिहिलं नसतं.

पुण्याला हवेचा अभ्यास करणाऱ्या देसाई मॅडमनी दोन यंत्रं माझ्या हवाली केली. हवेत तरंगणारे धुळीचे, धुराचे बारीक कण मोजणारी. एक घरात ठेवायचं, एक गच्चीवर, आणि कण येतात कुठून याचा माग काढायचा. माझी शाळा आठवीत सुटलेली. आमच्या कुडाळमध्ये असं काम मला कुणी दिलं नसतं, म्हणून एसटीत सगळी वाट पेटी मांडीवर धरून बसलो.

नगर मागं पडलं तशी हिरवी रेघही दिसेना. सलग दुसरं दुष्काळाचं वर्ष. शेजारच्या फेटेवाल्या बाबांनी पेटीत काय आहे विचारलं. धूळ मोजायचं यंत्र, म्हणालो. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं.

"मंग मुक्काम लई दिसांचा हाय तुमचा."

शहर जिथं संपायला हवं तिथं ते संपतच नव्हतं. शेतांत चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले, मुरमाचे कच्चे रस्ते, अर्धी बांधलेली घरं. त्यातल्याच एका घरात मावशी राहत; यंत्रं तिथंच बसवायची होती. मूळच्या पिशोरच्या. मुलाला वाळूजला कंपनीत नोकरी लागली, तेव्हा गाव सोडून आल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ज्वारीची भाकरी आणि येसर (भाजलेली धान्यं नि मसाले दळून केलेलं पीठ) घातलेली आमटी वाढली. कोकणातला म्हटल्यावर मासे नाहीत म्हणून दोनदा माफी मागितली. "पाणीच नाय, तर मासा कुठून आणू?"

मी राहायला स्टँडजवळ होतो. दर तिसऱ्या दिवशी फोन करून मावशींकडे जायचं, यंत्रं चालू आहेत बघायचं, वहीत लिहायचं. आकडे आपोआप पुण्याला जात. दोन आठवडे सुरळीत गेले असं मला वाटलं.

मग मॅडमचा फोन आला. त्या धुळीच्या भागात गच्चीवरची हवा घरातल्यापेक्षा स्वच्छ येत होती.

"यंत्र गच्चीवर ठेवलंय की कपाटात?" त्यांनी विचारलं. शुक्रवारी स्वतः येते म्हणाल्या. लबाडी निघाली तर काम बंद, हेही सांगितलं. मी काही केलं नव्हतं, पण ते दाखवायचं कसं, हेच कळत नव्हतं.

शुक्रवारी मॅडम स्टँडवरून मला घेऊन थेट मावशींच्या गच्चीवर चढल्या. त्या दिवशी फोन करायचं सुचलंच नाही. वर यंत्र होतं जागच्या जागी, पण जुन्या साडीची दुहेरी खोळ घातलेलं. काठ नीट खाली आलेला, वर नाडीची गाठ. मॅडमनी माझ्याकडे बघितलं.

मावशी मागून जिना चढून आल्या आणि आमच्या दोघांच्या मधे उभ्या राहिल्या.

"तेला बोलू नका, बाई. त्याला ठावंबी नाय. खोळ म्या शिवली."

"कशाला पण?"

"एवढं महागाचं यंत्र. धूळ नाय का बसणार त्याच्यावर?"

मी यायचो तेव्हा मला खोळ कशी दिसली नाही, असं मॅडमनी विचारलं. पाहुणा यायचा म्हणलं की काढून ठेवते, टीव्हीचीही काढते, असं मावशींनी सांगितलं. मॅडम पाण्याच्या टाकीला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

खोळ निघाली आणि गच्चीवरचे आकडे उसळले. दिवसातून तीन वेळा उंच शिखर, थोड्या वेळानं घरातही तसंच. चूल नाही, आसपास कारखाना नाही. चार दिवसांनी मॅडमनी तो आलेख मावशींपुढं धरला. मावशींनी शिखरांवर एकेक बोट ठेवलं.

"ह्यो टँकर. ह्योबी टँकर. ह्यो उशिरा आल्ता, त्या दिशी लई भांडणं झाली."

पाण्याचा टँकर कच्च्या रस्त्यानं धूळ उडवत यायचा, आणि नेमकी तेव्हाच सगळी दारं सताड उघडून बाया पाइप घेऊन धावायच्या. मॅडमनी पाइप मागच्या खिडकीतून घ्यायला आणि पुढचं दार लावून ठेवायला सांगितलं. घरातलं शिखर दुसऱ्याच दिवशी बसकं झालं. बाहेरचं मात्र रस्ता पक्का होईपर्यंत तसंच राहणार.

निघताना मावशींनी भाकऱ्या बांधून दिल्या आणि विचारलं, "खरं का रे, तुमच्याकडं पाण्याला पल्याडचा काठच दिसत नाय?"

घरी येऊन महिना झाला. काम टिकलं आहे. आठवीत वर्गाची काच फुटली, ती मी फोडली नव्हती, पण आळ माझ्यावर आला. ज्यानं फोडली तो बाकावर मान खाली घालून बसला, आणि मी पुन्हा शाळेत गेलो नाही. साहेबांपुढं "हे मी केलं" असं कुणी पुढं होऊन सांगू शकतं, हे मला त्या गच्चीवर पहिल्यांदा कळलं. मावशींना एक दिवस वेंगुर्ल्याला आणीन, किनाऱ्यावर उभं करीन, आणि त्यांचं बघून होईपर्यंत घाई करणार नाही.