रेहाना आपांचे गुरुवार

पहिल्याच भेटीत रेहाना आपांनी मला गप्प बसवलं होतं. कुवेतला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. वाळवंटातल्या धुळीमुळे सौर पॅनलची वीज किती घटते, हे मोजायचं माझं काम. आमच्या संशोधन संस्थेत नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला एका गुरुवारी दुपारी आपांच्या प्रशिक्षणाला बसावं लागे. विषय काय, तर प्रयोगातून निघालेला डेटा नीट कसा ठेवायचा. मला वाटलं, तास-दीड तास स्लाइड्स बघायच्या आणि महबूलाला, घरी जाणारी बस पकडायची. इथे आठवडा गुरुवारी संपतो, त्यामुळे सगळ्यांचंच लक्ष घड्याळाकडे. आपा आल्या त्या रिकाम्या हाताने. म्हणाल्या, "आपापली एक फाइल उघडा आणि लॅपटॉप शेजाऱ्याला द्या. तुम्ही काय मोजलंय ते शेजारी सांगेल. ज्याची फाइल, त्याने तोंड उघडायचं नाही."

माझ्या शेजारी डॉ. हानी नावाचे वयस्क इजिप्शियन प्राध्यापक होते. माझ्या एका रकान्यावर नुसतं इंग्रजी 'टी' लिहिलं होतं. ते तापमान होतं. हानींनी ते 'टाइम' धरलं आणि माझं पॅनल एकाहत्तराव्या मिनिटाला दमतं, असा निष्कर्ष मोठ्या गांभीर्याने जाहीर केला. लोक हसले. मी खुर्चीत चुळबुळ करत काहीतरी सांगू पाहिलं, तर मागून चक्क मराठीत आवाज आला, "देवधर, गप्प!" तेव्हा मला कळलं, बाई आपल्याकडच्या आहेत.

त्या मूळच्या दापोलीकडच्या. पन्नाशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, डोक्यावरची ओढणी सतत सावरणाऱ्या. भौतिकशास्त्रातली पीएचडी मुंबईत केलेली. त्यांचे पती सलीमभाई शुवैख बंदराजवळ बोटींच्या इंजिनांचे सुटे भाग विकायचे. मी पहिल्यांदा "मॅडम" म्हणालो तेव्हा त्या म्हणाल्या, "इथे प्रत्येक दाराआड एक मॅडम बसलीय. तुम्ही आपा म्हणा, म्हणजे मला वळून बघावंसं वाटेल."

कोकणात नवखा माणूस दिसला की आधी गाव विचारतात. आपा आकड्यालाही गाव विचारत. कुणी अभिमानाने आलेख दाखवला की त्या एका ठिपक्यावर बोट ठेवत. "हा कुठला? कुठल्या यंत्रातून आला? त्या दिवशी यंत्र तपासलं होतं का? आणि मधे कुणाकुणाच्या हातून गेला?" समोरचा अडखळला की म्हणत, "बेवारशी आहे बिचारा. ह्याला घरी पोचवा आधी." चिडून बोलताना मी त्यांना पाहिलं नाही. पण सोडूनही देत नसत. पुढच्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये गाठून विचारत, "पोचला का तो?"

हळूहळू त्या सक्तीच्या प्रशिक्षणातून एक मेळावा उभा राहिला. महिन्यातल्या एका गुरुवारी विद्यापीठातले विद्यार्थी, तेलाच्या प्रयोगशाळांतले रसायनवाले, इस्पितळात किरणोत्सर्ग मोजणारे आपल्या फाइली घेऊन यायला लागले. सुरुवातीला माणसं कमी म्हणून आपा आदल्या दिवशी प्रत्येकाला फोन करायच्या. फोनवर डेटाचं नाव नाही. "उद्या सांदणं केलीयत," एवढंच. तांदळाची ती गोड, मऊ सांदणं खायला आलेले कितीतरी जण पुढे नियमित यायला लागले. भाषा हिंदी, इंग्रजी, अरबी, सगळ्यांची सरमिसळ. एकमेकांची यंत्रं वापरायला मिळू लागली, जुनी मोजमापं कुणाकडे आहेत ते कळू लागलं. संचालकांच्याही ते लक्षात आलं. डेटासाठी वेगळा विभाग काढायचा आणि आपांना त्याचं प्रमुख करायचं, असं जवळजवळ ठरलं. आपांनी रीतसर अर्ज दिला. त्यात सगळ्यात वर होता त्यांचा मुंबईतला जुना शोधनिबंध. काचेवर द्यायच्या एका पातळ लेपाबद्दल होता. तापवल्यावरही तो लेप इतरांपेक्षा जास्त प्रकाश आत जाऊ देतो, असं त्यात दाखवलं होतं. त्याच निबंधावर त्यांचं नाव झालं होतं.

त्याच सुमाराच्या एका मेळाव्यात माणसांची संख्या विषम झाली. दलाल नावाची एक कुवेती विद्यार्थिनी जोडीदारावाचून उरली. आपा म्हणाल्या, "ये, माझी फाइल घे." आणि त्या निबंधाचाच डेटा तिच्यासमोर ठेवून स्वतः नियमाप्रमाणे गप्प बसल्या.

दलाल बुजरी मुलगी. बराच वेळ ती पडद्यावर वर-खाली करत राहिली. तिची पाळी आली तेव्हा 'डॉक्टरबाई' अशा अर्थाची अरबी हाक मारून हळूच म्हणाली, "दोक्तोरा, दिवा बंद असतानाही यंत्र थोडासा प्रकाश दाखवतं, तो तुम्ही इथे ह्या दुसऱ्या लेपाच्या आकड्यांतून वजा केलाय."

आपांनी मान हलवली.

"पण यंत्राच्या मूळ फाइलीत वर लिहिलंय की, यंत्राने तो आधीच वजा केलाय. म्हणजे... तो दोनदा वजा झालाय का? की मला समजलं नाही?"

आपा उठून तिच्या खुर्चीमागे गेल्या. ओढणी घसरली, ती सावरायचंही त्यांना सुचलं नाही. सगळ्यांसमोर त्यांनी दलालला म्हटलं, "मूळ आकडे घे आणि आलेख पुन्हा काढ." दलालने काढला. दोन लेपांच्या रेषा, ज्या निबंधात लांब लांब होत्या, एकमेकींवर येऊन बसल्या. फरक नव्हताच. दलालचे डोळे भरून आले. आपा म्हणाल्या, "तुला बरोबर समजलंय." मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "चहा घ्या. सांदणं संपवा." आणि खोलीबाहेर गेल्या.

रविवारी मी त्यांच्या खोलीत गेलो तेव्हा त्या मुंबईच्या आपल्या मार्गदर्शक सरांशी बोलत होत्या. निबंधावर दोघांची नावं होती. सर वयामुळे मोठ्याने बोलत, फोनबाहेर सगळं ऐकू येत होतं. मी परत फिरलो, तर त्यांनी हातानेच बसायची खूण केली.

"रेहाना, इतकी वर्षं झाली. आता कोण वाचतंय तो पेपर?"

"कुणी वाचत नसेल सर, तर मागे घेतला म्हणून कुणाचं बिघडणार आहे?"

"माझं नाव आहे त्याच्यावर."

"माझंही आहे सर."

मग, "तुला हवं ते कर," म्हणून फोन ठेवल्याचा आवाज आला. आपांनी तो टेबलावर पालथा घातला आणि मला म्हणाल्या, "माणूस वाईट नाही हो. यंत्राला हात लावायचा कसा, हे त्यांनीच शिकवलं मला."

त्यांनी नियतकालिकाला कळवलं. चूक माझी, दलालने दाखवली, असं तिच्या नावानिशी लिहिलं. संचालकांना जाऊन सांगितलं आणि अर्ज स्वतःच परत घेतला. संचालक सभ्य गृहस्थ. "तुम्ही थोडं थांबला असता तर नेमणूक होऊन गेली असती," असं म्हणाले म्हणे. विभाग निघाला, प्रमुख बाहेरून आला, आपा होत्या त्याच जागेवर राहिल्या. दर ईदला सरांचा फोन यायचा, त्या ईदला आला नाही. दिवाळीत आपांनी नेहमीसारखा फोन केला. सर मुंबईच्या उकाड्याबद्दल बोलले. तेवढंच.

संस्थेत कुजबुज झालीच. जिला स्वतःचा डेटा सांभाळता आला नाही, ती इतरांना काय शिकवणार? पुढच्या मेळाव्याला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. दलालही आली नाही. रविवारी आपा मला घेऊन तिच्या प्रयोगशाळेत गेल्या. दलाल उठून उभी राहिली. म्हणाली, "दोक्तोरा, मी तुम्हाला एकटीला सांगायला हवं होतं."

"बरं झालं नाही सांगितलंस," आपा म्हणाल्या. "पुढच्या मेळाव्यात माझी तीच फाइल सगळ्यांना दाखवायचीय. मी बोलणार नाही. तू बोलायचंस."

आणि दलाल बोलली. आपा पहिल्या रांगेत हाताची घडी घालून बसल्या होत्या. तिचं संपल्यावर डॉ. हानी उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या एका जुन्या मोजमापाची मला फार दिवस शंका आहे. कुणी बघेल का?" असं चारचौघांत विचारताना मी तोवर कुठल्याच प्राध्यापकाला ऐकलं नव्हतं. नंतरचे मेळावे पूर्वीपेक्षा लहान झाले, पण लोक तिथे यश दाखवायला कमी आणि शंका घेऊन जास्त यायला लागले.

दोन वर्षांनी सलीमभाईंनी शुवैखचं दुकान आवरलं. दोघांचं दापोलीला परतायचं ठरलं. विमानतळावर सोडायला मी गाडी काढली. सलीमभाई पुढच्या सीटवर बसल्याबसल्या पेंगत होते. बाहेर धूळ उडत होती, समोरच्या गाड्यांचे दिवे पिवळट दिसत होते. इतके दिवस मनात असलेलं मी विचारलं. "आपा, त्या दिवशी दलालने ते खरंच तुम्हाला एकटीला सांगितलं असतं तर?"

मला वाटलं, त्या लगेच म्हणतील, तरी हेच केलं असतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "खरंच माहीत नाही, देवधर. विभाग हातातोंडाशी आला होता. मी म्हटलं असतं, नंतर बघू. मग नेमणूक झाली असती, मग काम वाढलं असतं. सरांचं वय झालंय, त्यांना कशाला त्रास, असंही म्हटलं असतं. सगळी कारणं खरी होती हो. एकटी असते तर मी स्वतःला फार लवकर माफ केलं असतं."

"पण तुम्ही तशा नाही," मी म्हणालो.

"मी तशीच आहे. सगळेच असतात. म्हणून तर चार माणसं बोलवायची."

विमानतळ आला. सलीमभाई जागे झाले आणि बॅगांवरून दोघांचं थोडं वाजलं. लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत का घेतली, ती आत नेऊ देणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आपांनी निमूटपणे बरणी काढून माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "कैरीचं आहे. एकट्याने संपवू नका." आणि ओढणी सावरत गर्दीत शिरल्या.