लुडविनाचे दोन भुंगे

“गेंड्यानं भोक पाडलं, सोंड्यानं त्यात पोरं वाढवली, आणि उपकार झाले माझ्यावर,” असं लुडविना हल्ली म्हणते. सेपिक नदीकाठच्या त्या गावात गेंड्या भुंग्याबद्दल बरं बोलणारी ती एकटीच.

गेंड्याची अळी कुजक्या ओंडक्यात वाढते. तिच्या पोटात नुसती घाण, ती डुकरांपुढे टाकायची. मोठा झाला की तो जिवंत माडाचा कोवळा शेंडा पोखरतो, रस पितो आणि पुढच्या माडाकडे उडून जातो. दुसरा भुंगा सोंड्या, त्याच्या अंगात असं भोक पाडायचा जोर नाही. झाडाच्या जखमेचा वास काढत तो येतो आणि तिथंच संसार मांडतो. त्याच्या अळ्या गाभा खाऊन लोण्यासारख्या होतात, त्या भाजून पाहुण्यांना वाढायच्या. म्हणून पिठासाठी सागोचा माड पाडला की सोंड्यानं यावं यासाठी बायका कुऱ्हाडीनं त्याला खाचा पाडून ठेवतात.

यंदा लुडविना खाचा पाडायला विसरली. माड पाडला त्याच दिवशी तिच्या लेकीला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. पैलतीरावरून म्हातारी सुईण कोलुम्बा आली आणि तिनं दोघांनाही वाचवलं. “काही नको. अळ्या झाल्या की जेवायला बोलाव,” एवढंच म्हणाली. दीड महिन्यानं तिच्या जेवणाचा दिवस आला.

नणंद स्कोलास्टिका ओंडक्याभोवती फिरली. “वहिनी, खाचा कुठायत?”

“राहिल्या.”

“मग म्हातारीला काय, भुसा वाढणार?”

“वन्सं, तोंड आवरा. कुऱ्हाड द्या इकडं.”

बुंध्याकडे गाभा कोराच निघाला, एकही अळी नाही. लेकीचा जीव परत देणाऱ्या बाईपुढे रिकामं पान ठेवायचं? लुडविना शेंड्याकडे सरकली. तिथं अंगठा जाईल एवढी भोकं होती. माड उभा असतानाच गेंड्यानं पाडलेली. तिनं कान टेकवला. आत कुरकुर चालली होती.

“अगं बाई, इथं तर जत्रा भरलीय!” फोडलेल्या खोडात हात घालत स्कोलास्टिका ओरडली.

“आणि त्या शिंगवाल्याला मी जन्मभर शिव्या घातल्या,” लुडविना म्हणाली.

पानात गुंडाळून भाजलेल्या अळ्या कोलुम्बानं सावकाश खाल्ल्या, बोटं चाटली. “गोड आहेत गं. बाळ दूध ओढतंय ना?”

लुडविनानं मान हलवली. तिनं उरलेली पुडी म्हातारीच्या मांडीवर ठेवली, तिचे खरबरीत हात क्षणभर आपल्या हातांत धरले, आणि डोळे पुसायला ती घराची शिडी उतरून बाहेर गेली.