आखितीच्या आधीचा आंबा

आमच्या केजकडं अक्षय तृतीयेला आखिती म्हणतात. त्या दिवशी पितरांना आमरसाचं ताट दाखवल्याशिवाय घरात कुणी आंब्याला तोंड लावत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला मात्र तेवढा दम कधीच निघाला नाही. दर उन्हाळ्यात ती मैत्रिणीला घेऊन स्वयंपाकघराचं दार लावायची आणि आंब्याचे काहीतरी उद्योग करायची. एकदा तर रसात लाल तिखट घालून दोघींनी हसत हसत वाट्या चाटून पुसून संपवल्या. बाहेरून आई ओरडत होती, "पितरांच्या आधी खाऊ न्हाई गं, लई पाप लागतं." चुगली मीच केली होती.

दिवाळीनंतर बहीण तापानं गेली. गेलेल्या माणसाच्या जागी आखितीला कुणाला तरी जेवू घालतात. यंदा आईनं बहिणीच्या त्याच मैत्रिणीला पाटावर बसवलं. वाढता वाढता आई उठली, तिखटाचा डबा आणला आणि रसाच्या वाटीत चिमूटभर तिखट टाकलं. मला आईचा रागच आला. पोरगी होती तेव्हा असं खाऊ दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

आईनं वाटी पुढं सरकवली.

"खा बाई. आता सगळ्यांच्या आधी तूच खायचं."