दोघांनी उठायचं बाक

आमच्या चर्चमध्ये एक सुतार यायचा. तेव्हा सातपूरला नव्यानं निघालेल्या एका कारखान्यात तो लाकडी खोकी ठोकायचा. रविवारी चर्चमध्ये मात्र कधी बसायचा नाही. उपासना चालू असताना बाकं हलवून बघायचा आणि "ढिलं नाय, ढिलं नाय" असं पुटपुटत पुढं सरकायचा.

चर्चचा कारभार बघणारे दोन पंच पंख्याच्या वेगावरून भांडले होते. बसायचे एकाच बाकावर, पण दोन टोकांना, आणि मधे अबोला. एका शनिवारी यानं त्या बाकाचे पाय काढले आणि मधोमध, अगदी जवळजवळ ठोकले. दुसऱ्या दिवशी गीत म्हणायला एक पंच उठला आणि दुसरा धाडकन जमिनीवर आला.

पाळकसाहेब भडकले. हा शांतपणे म्हणाला, "प्रीतीनं राहा म्हणून तुम्ही दर रविवारी माणसांना सांगता. मी एकदा बाकाला सांगून पाहिलं."

पुढं ते दोघे प्रत्येक गीताआधी एकमेकांना विचारू लागले, "उठायचं का?"

मग एका रविवारी तोंडात खिळे धरून तो आमच्या बाकाखाली शिरला. दुसऱ्या टोकाला माझ्या बहिणीचा नवरा बसला होता. आमचंही बोलणं बंदच होतं.

"सलाम, दाजी," मी घाईघाईनं म्हणालो.

"सलाम, सलाम," दाजी बाक घट्ट धरून म्हणाले.

त्यानं खिळे खिशात टाकले आणि पुढच्या बाकाकडे गेला.