नांदेड ते निलंगा, व्हाया मुखेडचं गॅरेज

उन्हाळ्यात नांदेडहून निलंग्याला जायचं तर पहाटेच निघा, असं या ब्लॉगवर मी दहादा लिहिलंय. आणि मी निघालो कधी? ऐन मे महिन्यात, सकाळी अकराला. इलाजच नव्हता. मावसभाऊ बसवराजचा फोन आला होता. आईची थोरली बहीण, आम्हा सगळ्यांची अक्का, गेली होती.

"चारपर्यंत थांबतो, शिवा. पुढं न्हाई जमत. बर्फाचा कारखाना बंद हाय, पाणीच न्हाई."

आई नेसत्या लुगड्यानिशी गाडीत बसली. अक्काचं तोंड शेवटचं बघायचं, एवढं एकच तिच्या मनात होतं. आमच्या गल्लीत टँकर आला नव्हता, म्हणून तिची अंघोळ राहिली आणि लिंगपूजाही. आम्हा लिंगायतांतली जुनी माणसं गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय पाण्याचा थेंब घेत नाहीत. आई तर लहानपणापासून हे पाळत आलेली.

कंधारपर्यंत रस्ता बरा आहे. पुढे खड्डे, आणि तिथेच एसीतून गरम वाफा यायला लागल्या. काचा उघडल्या तर बाहेर भट्टी! बॉनेट उघडलं. पट्टा फिरत होता, पण कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती ढिम्म. एसी लावला की 'टक्' वाजून तीही फिरायला हवी. फ्यूज शाबूत होता. माझ्या गाडीत हॉर्नचा आणि एसीचा रिले, म्हणजे वीज जोडणारी छोटी डबी, सारखाच आहे, म्हणून अदलाबदल करून पाहिली. तरी टक् नाहीच. म्हणजे बहुतेक एसीतला गॅस गळला होता. तो कमी झाला की गाडी कॉम्प्रेसरला सुरूच होऊ देत नाही.

आईपुढे बाटली धरली.

"पूजा झाली न्हाई."

"आज चालतंय गं आई!"

"न्हाई म्हणलं ना."

मुखेड येईपर्यंत तिची मान कलंडली होती. तीन हाका मारल्या तेव्हा डोळे उघडले. स्टँडजवळच्या गॅरेजवाल्यानं पाइपाच्या जोडावर साबणाचा फेस लावून दाखवला. बुडबुडे येत होते.

"हितून गळून राहिलंय. रबर बदलतो, गॅस भरतो. तासभर लागंल."

निघून जावं की थांबावं? आईचे ओठ पांढरे पडले होते. मी थांबलो. गॅरेजवाल्याची बायको आईला घरात घेऊन गेली, ओला पंचा डोक्यावर ठेवला. अंघोळीला बादली देते म्हणाली, पण आई ऐकेना. "तुमच्या लेकरांचं प्यायचं पाणी मी अंगावर ओतू का बाई?" आत पाहिलं तर घरात भरलेली तेवढी एकच बादली होती.

तासाचा सव्वा तास झाला. शेवटी एकदाचं टक् वाजलं, गार हवा आली, आणि उदगीरजवळ आई सावरून बसली. तिथल्या भिंतींवर 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' असं ठळक रंगवलंय. त्याच भिंतींच्या सावलीला घागरींची रांग, गल्लीच्या टोकापर्यंत. जेवणाखाण्याचं विचारू नका, त्यासाठी आम्ही कुठेच थांबलो नाही. बसवराजचा फोनही लागत नव्हता.

निलंग्याबाहेरच्या शेतात पोचलो तेव्हा माणसं परत फिरत होती. बसवराज धावत आला.

"मावशी, लई वाट बघितली गं. साडेचार झाले. आत्ताच माती लोटली."

आमच्यात मयताला खड्ड्यात बसवतात. एकदा माती पडली की पुन्हा उघडत नाहीत. आई त्या मातीशेजारी बसली.

"नीट बसवलं का रे?"

"हाव."

"तोंड कसं दिसत होतं तिचं?"

बसवराज नुसता रडायला लागला. मलाही धरवलं नाही.

परत येऊन आता आठवडा झाला. त्या बाजूला जाणार असाल तर निघायच्या आधी एसीचा गॅस तपासून घ्या, भर उन्हात म्हाताऱ्या माणसांना नेऊ नका, एवढंच सांगतो. मी थांबलो ते बरोबरच केलं, असं सगळे म्हणतात. मलाही तसंच वाटतं, पण त्यानं काही हलकं होत नाही.

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी टँकर आला होता. आई उठली, स्वयंपाकघरात गेली, तांब्याभर पाणी घेतलं आणि उभ्यानंच घटाघटा प्यायली. अंघोळ नाही, पूजा नाही.

"आई, पूजा?"

"करते की मागून." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या दिवशी प्याले असते, तर तुला थांबावं लागलं नसतं रे."