दाराजवळची खुर्ची

"दाराजवळची तुझी," म्हणत मावशी स्वतः भिंतीकडच्या खुर्चीत अंग चोरून बसायच्या. कॅफे असो, चर्चचा हॉल असो, नाहीतर पोलीस स्टेशनातली त्यांची बिनखिडकीची खोली. "ऐकणाऱ्याने अडकावं. बोलणाऱ्याला उठून जाता आलं पाहिजे."

मूळच्या नगरच्या, निवृत्त नर्स, आणि इंग्लंडातल्या आमच्या गावात पोलीस चॅप्लिन. म्हणजे पोलिसांना मन मोकळं करता यावं म्हणून चर्चने पाठवलेलं बिनपगारी माणूस. शिफारस, पार्श्वभूमीची तपासणी, ट्रेनिंग, सगळं रीतसर. मी मोर्च्यांच्या पत्रकांच्या घड्या घालत वाढलेली. पोलिसांना कशाला हवी माया, असं मी विचारलं की म्हणायच्या, "पत्रकवाले, चहा निवतोय."

दोन्ही बाजूंना परकी वाटणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मराठी मंडळात त्या 'पोलिसांची बाई', स्टेशनात 'देवाची हेर'.

मग मोर्चात पकडलेल्या माझ्या मैत्रिणीचा हात कोठडीत मोडला. ती पडली, असं पोलीस म्हणाले. तिचं सामान आणायला मी स्टेशनात गेले, तेव्हा त्या दिवशी ड्यूटीवर असलेला तरुण कॉन्स्टेबल मावशींच्या खोलीतून डोळे पुसत बाहेर पडला.

चौकशी बसली, तेव्हा तो काय बोलला ते तिथे सांगा, असा मी मावशींकडे हट्ट धरला.

"बोलला की नाही, तेही सांगणार नाही."

"मग या गुन्ह्यात तुम्हीही आहात."

कप बशीवर वाजला. "असेन. पण मी तोंड उघडलं, तर त्या खोलीत पुन्हा कोणी खरं बोलणार नाही. मी त्याच्यासमोर बसते. तेवढंच येतं मला."

कित्येक आठवडे त्या त्याच्यासमोर बसल्या. मैत्रीण डाव्या हाताने लिहायला शिकली. मंडळातल्यांनी मावशींशी बोलणं टाकलं. शेवटी कॉन्स्टेबलच चौकशीत उभा राहिला: तिचा हात पोलिसांनी पिरगाळला होता, त्याने पाहिलं होतं.

मावशींनीच त्याला फितवलं, असं स्टेशनात ठरलं, आणि त्यानंतर त्यांच्या खोलीत एकही पोलीस फिरकला नाही. त्या मात्र जायच्या, भिंतीकडे बसायच्या. समोर रिकामी खुर्ची.

त्यांनी पहिल्याच दिवशी बोलायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. त्यांना तसं सांगितलंही होतं. "वाटू दे," म्हणाल्या.

या हिवाळ्यात त्या गेल्या. अंत्यविधीला चर्चमध्ये पोहोचायला मला उशीर झाला. मागे दोनच खुर्च्या उरल्या होत्या, आणि त्यांच्याजवळ तो कॉन्स्टेबल उभा होता, साध्या कपड्यांत. इतके आठवडे गप्प राहिलेल्या माणसाशेजारी बसायचं नाही, म्हणून मी मागे वळू लागले.

 तो आत सरकून भिंतीकडच्या खुर्चीत अंग चोरून बसला.

दाराजवळच्या खुर्चीत मी बसले.